बर्फ पडला की घरी बसा!

परत आल्यापासून हॉस्टेलमध्ये, मेसमध्ये, अगदी वर्कशॉपच्या मामांनीसुद्धा मला एकच प्रश्न विचारलाय, "काय रे, बर्फ बघितलास का?" हो, बघितला. मग पुढची ऑर्डर येते, "फोटो दाखव!" तेही दाखवतो. गुडघाभर बर्फात उभा मी, मागे पांढऱ्या ढिगाखाली गाडलेल्या सायकली. पाहणारा खूश, दाखवणारा खूश. पण तिसरा प्रश्न कोणीच विचारत नाही, की अशा बर्फात तू नेमकं केलंस काय? तो विचारायला हवा. कारण पुढच्या ऑक्टोबरात आपल्या कॉलेजातून पुन्हा काही जण एक्सचेंज सेमिस्टरला युरोपात जातील, आणि जाताना त्यांच्या हातात सीनियर्सकडून फॉरवर्ड होत आलेली तीच यादी असेल. थर्मल दोन जोड, कानटोपी, हातमोजे, प्रेशर कुकर, मॅगीची पाकिटं, कांदा-लसूण मसाला. यादी चांगलीच आहे. पण बर्फाशी सामना म्हणजे खरेदी, असा आपला जो समज झालाय तो मला पटत नाही, आणि म्हणूनच हा लेख.

(कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी कसं आहे ते संपादक मंडळाला माहीत आहे. ऱ्हस्व-दीर्घ त्यांनी बघून घ्यावं. मुद्दा माझा आहे, वेलांट्या त्यांच्या!)

मी २०२३ च्या हिवाळी सेमिस्टरला जर्मनीत म्युनिकला होतो. तिथे थंडी असतेच, बर्फही पडतो, पण त्या वर्षी जे झालं ते तिथल्या लोकांनाही नवीन होतं. १ डिसेंबरच्या शुक्रवारी बर्फ पडायला लागला आणि रात्रभर पडतच राहिला. शनिवारी, २ डिसेंबरला सकाळी शहरात ४४ सेंटिमीटरचा थर मोजला गेला. १९३३ पासूनच्या नोंदींमध्ये डिसेंबर महिन्यात एवढा बर्फ म्युनिकने पाहिला नव्हता. विमानतळ बंद. मेन स्टेशनला गाड्या येईनात, तिथून सुटेनात. उपनगरी एस-बान बंद, ट्रॅम बंद, बस बंद, जमिनीखालची मेट्रो तेवढी अडखळत चालू. स्टेशनांवर उभ्या करून ठेवलेल्या गाड्यांमध्ये लोकांनी रात्र काढली. आणि जर्मन माणसाच्या दृष्टीने संकटाची खरी खूण म्हणजे बायर्न म्युनिकची त्या दिवशीची मॅच रद्द झाली! (ती पुढे २०२४ च्या जानेवारीत खेळवली.)

आमच्या मजल्यावर एक फिनलंडचा मुलगा होता. तो खिडकीत उभा राहून हसत होता. "आमच्याकडे एवढ्यावर शाळेलासुद्धा सुट्टी मिळत नाही," म्हणाला. त्याचं हसणं बरोबर होतं, पण त्यावरून आमच्यातल्या काही जणांनी जो निष्कर्ष काढला तो चुकीचा. 'म्हणजे जर्मनांची एफिशियन्सी वगैरे सगळं थोतांड,' असं एकजण लगेच म्हणाला. मित्रांनो, आपण इंजिनिअर होऊ घातलोय. प्रत्येक सिस्टीमचा एक डिझाइनचा आकडा असतो. जे दरवर्षी होतं त्यासाठी शहर तयारी करतं. वीस-तीस वर्षांतून एकदा होणाऱ्या गोष्टीसाठी बर्फ ढकलणाऱ्या शेकडो गाड्या वर्षभर पोसणं कुठल्याच शहराला परवडत नाही. हेलसिंकीचा आकडा वेगळा, म्युनिकचा वेगळा. मुंबईचाही आहेच की! जुन्या गटारांचा हिशोब तासाला २५ मिलिमीटर पावसाचा, पुढे तो ५० वर नेण्याचं काम काढलं. आणि २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत पडला ९४४ मिलिमीटर. कुठलं गटार पुरणार?

शिवाय त्या दिवशीचा बर्फ ओला होता. हे पुस्तकात वाचताना कळत नाही, फावडं हातात घेतल्यावर कळतं. ओला बर्फ घनमीटरला दोनशे किलोच्या घरात सहज जातो. ४४ सेंटिमीटरने गुणा. दर चौरस मीटरला ऐंशी-नव्वद किलो! झाडांच्या फांद्या त्या वजनाने मोडून ओव्हरहेड वायरवर पडल्या, तिथे वेळापत्रक काय करणार?

आकडा ओलांडला गेला की प्रामाणिकपणे शटर ओढणं हेच त्या सिस्टीमचं काम उरतं. आणि बाहेरून आलेल्या विद्यार्थ्याची अडचण नेमकी इथे आहे. त्याला त्या शहराचा आकडाच माहीत नसतो. दहा सेंटिमीटरला लोक सायकलवरून क्लासला जाताना त्याने पाहिलेलं असतं, मग चव्वेचाळीसला काय होतंय, असं त्याला वाटतं. त्या शनिवारी जर्मन पोरं सकाळी खिडकी उघडून बघून, पडदा ओढून परत झोपली. बाहेर पडले ते कोण? आम्हीच.

माझा एक नागपूरकर मित्र पहाटे पाचला लिस्बनच्या विमानासाठी निघाला. महिन्याभरापूर्वी स्वस्तात तिकीट मिळालेलं, ते वाया कसं घालवायचं? चाकांची बॅग बर्फात चालत नाही, ती नांगरासारखी ओढावी लागते. पठ्ठ्याने ती अशी दोन किलोमीटर ओढली. स्टेशनवर बोर्ड कोरा. तिथे त्याच्यासारखेच पंधरा-वीस जण उभे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे निम्मे आपले, बाकीचे इतर कुठकुठले, जर्मन जवळजवळ नाहीतच. साडेअकराला तो परत आला तेव्हा मोजे पिळून पाणी निघत होतं आणि पायाची बोटं त्याला जाणवत नव्हती. दुसरीकडे एक कोल्हापूरची मुलगी, एका कॅफेत शनिवारी काम करायची. तिने निघण्याआधी मॅनेजरला फोन करून कसं पोचू म्हणून विचारलं. तर मॅनेजर स्वतःच घरी! "तू का येतेयस?" असं त्याने उलट विचारलं. तिला खरंच आश्चर्य वाटलं. मला तिच्या आश्चर्याचं जास्त वाटलं.

कारण आपलं ट्रेनिंगच तसं आहे. कंबरेएवढ्या पाण्यातून कॉलेजला आलेल्या मुलीचं उदाहरण वर्गात दिलं जातं, "बघा, ती डोंबिवलीहून येते आणि तुम्हाला हॉस्टेलमधून येता येत नाही?" कुर्ल्याला, सायनला ट्रॅकवर पाणी, तरी माणूस रुळांवरून चालत ऑफिस गाठतो, आणि दुसऱ्या दिवशी पेपरवाले त्याला 'मुंबईचं स्पिरिट' म्हणतात. कसंही करून पोचायचं, हे आपल्याकडे शौर्य आहे. पंचाहत्तर टक्के अटेंडन्सची भीती पाठीला असेल तर विचारूच नका. तेच शौर्य आपण बॅगेत भरून बर्फात घेऊन जातो. कस्टम्सवाले प्रेशर कुकर तपासतात, हे तपासत नाहीत!

घरी बसणं म्हणजे काही न करणं, असंही नाही बरं का. बसायला तयारी लागते. तिथे रविवारी दुकानं बंद, आणि बव्हेरियात इतर दिवशीही रात्री आठला शटर खाली. म्हणजे शनिवारी बाहेर पडता आलं नाही तर थेट सोमवार. जर्मन हवामान खातं पिवळा, नारंगी, लाल आणि त्याहीवर जांभळा अशा रंगांत इशारे देतं. त्याचं ॲप फोनवर ठेवायचं, आणि शुक्रवारीच दूध, ब्रेड, बटाटे, तांदूळ आणून टाकायचे. आमच्या मजल्याच्या सामायिक किचनमध्ये त्या दोन दिवसांत खिचडी, एका तुर्की मुलाचं मसूरचं सूप आणि कुणीतरी केलेलं नुडल्सचं काहीतरी, असा मेनू होता. आपल्या मेसपेक्षा वाईट नव्हता. (मेस सेक्रेटरीने हलके घ्यावे.)

दुसरी गोष्ट खिडकीची. ही मात्र मला कोणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं असं तिथे गेलेला प्रत्येक जण म्हणतो. बाहेर शून्य डिग्री, म्हणून आपण खिडकी घट्ट लावून घेतो, खोलीतच कपडे वाळत घालतो, वर भात शिजवतो. महिनाभरात कोपऱ्यात काळी बुरशी! ती घालवायचे पैसे डिपॉझिटमधून कापले गेलेले मी पाहिलेत. जर्मन लोक कडाक्याच्या थंडीत दिवसातून दोन-तीनदा खिडकी पूर्ण उघडून पाच मिनिटं ठेवतात. वेडेपणा वाटतो, पण थर्मोडायनॅमिक्स आठवा. शून्य डिग्रीची हवा घनमीटरमागे जेमतेम पाच ग्रॅम वाफ धरते, वीस डिग्रीची सतरा. बाहेरची हवा आत घेऊन तापवली की ती कोरडी होते आणि खोलीतली ओल शोषून घेते. सायक्रोमेट्रिक चार्टचा मार्कांव्यतिरिक्त काही उपयोग असतो हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. आणि हीटरच्या नॉबवरचा ३ म्हणजे साधारण वीस डिग्री. पाचवर ठेवल्याने खोली लवकर गरम होत नाही, बिल लवकर गरम होतं.

तिसरी गोष्ट जरा अवघड आहे. डिसेंबरात म्युनिकला सकाळी आठला उजाडतं आणि दुपारी साडेचारच्या आत अंधार. पहिल्या दिवशी बर्फ सुंदर दिसतो, सगळा आवाज शोषला जातो, आपण व्हिडिओ काढतो, घरी पाठवतो. आई साडेचार तास पुढे असते, ती विचारते "स्वेटर घातलास ना?" आपण म्हणतो, "सगळं मस्त आहे." तिसऱ्या दिवशी तोच बर्फ करडा, चिखलासारखा झालेला असतो, क्लास ऑनलाइन, खोली तीन मीटर बाय चार, आणि 'सगळं मस्त आहे' हेच वाक्य आपण चौथ्यांदा म्हणत असतो. घरी बसा म्हणजे खोलीत कोंडून घ्या असं मी मुळीच म्हणत नाही. आमच्या मजल्यावर एक न बोललेला नियम होता, जेवायचं किचनमध्ये. ताट घेऊन खोलीत जायचं नाही. रविवारी संध्याकाळी त्या तुर्की मुलाच्या लक्षात आलं की कोपऱ्यातल्या खोलीतला व्हिएतनामी मुलगा शुक्रवारपासून दिसलाच नाही. त्याने दार वाजवलं. आत तो तापाने फणफणलेला, प्यायला पाणी नाही, कोणाला त्रास नको म्हणून गप्प पडून राहिलेला. ११६११७ या नंबरवर डॉक्टरांचा सल्ला मिळतो (जिवावरचं असेल तर ११२), तिकडे फोन केला, औषध दिलं, सूप पाजलं. तो दोन-तीन दिवसांत बरा झाला. मला मात्र तेव्हा आपला बी ब्लॉक आठवला. आपल्याकडे दार न वाजवता आत शिरतात आणि चार्जर उचलून नेतात, त्याचा मला फार राग यायचा. आता तेवढा येत नाही.

आता मंगळवारची गोष्ट. मराठीत आपल्याला एकच शब्द, बर्फ. पण गोळेवाल्याकडे दोन प्रकार असतात. लादीचा आणि किसलेला. शनिवारी पडला तो किसलेला. त्यात पडलात तर हसू येतं. मंगळवारी, ५ डिसेंबरला पाऊस पडला आणि जमिनीला टेकताक्षणी गोठला. म्हणजे लादी! विमानतळ पुन्हा दुपारपर्यंत बंद. दिसायला रस्ता फक्त ओला, आणि पाय टाकला की आपण आडवे. लोक शनिवारच्या बर्फाच्या गोष्टी सांगतात, पण घाबरायचं असेल तर याला घाबरा. त्या दिवशी चालायचं झालंच तर पेंग्विनसारखं, पावलं छोटी, पाय जरा बाहेर वळवलेले, वजन पुढच्या पायावर आणि हात खिशाबाहेर. लाज वाटेल, पण मनगट शाबूत राहील. म्युनिकमध्ये घरासमोरचा फुटपाथ साफ करणं बहुतेक भागांत घरमालकाचं कायदेशीर काम आहे, आठवड्याच्या दिवशी सकाळी सातपासून. मीठ टाकायला खाजगी लोकांना बंदी, झाडं आणि पाणी खराब होतं म्हणून. मग बारीक खडी टाकतात. ती बुटाच्या खाचांमध्ये अडकून घरभर येते आणि अनवाणी पायाला टोचते, पण ज्या फुटपाथवर खडी दिसेल तिथूनच चालावं. भाड्याच्या घरात हे काम बऱ्याचदा भाडेकरूंवर पाळीने येतं, तेव्हा करारपत्र वाचा. 'मला जर्मन येत नाही' हे कारण कोणी ऐकत नाही.

कपड्यांबद्दल एकच वाक्य, कारण ते सगळे सांगतात. जर्मन लोक त्याला कांद्यासारखं नेसणं म्हणतात (हे ऐकून आमच्या नाशिककराला भरून आलं), म्हणजे पातळ पातळ थर, आणि अंगाला लागून सुती नको, घाम धरून ठेवतं. आजीचा हाताने विणलेला स्वेटर मधल्या थराला उत्तम. जाकीट तिथेच घ्या. पैसे घालायचेच तर बुटांत घाला.

त्या लिस्बनवाल्या मित्राचं पुढे काय झालं तेही सांगतो, कारण उपयोगाचं आहे. तिकीट गेलं असं धरून तो गप्प बसला होता. युरोपियन युनियनमधून सुटणारं विमान रद्द झालं तर पैसे परत किंवा दुसऱ्या विमानात जागा हा प्रवाशाचा हक्क आहे, आणि विमानतळावर अडकलात तर जेवण आणि रात्रीची सोयही कंपनीने करायची असते. खराब हवामानामुळे रद्द झालं तर वरची नुकसानभरपाई तेवढी मिळत नाही. हे त्याला किचनमध्ये भांडी घासताना एका जर्मन मुलीने सांगितलं. पैसे परत आले. म्हणजे पहाटे पाचला बॅग ओढत जाण्यात त्याचं काहीच वाचणार नव्हतं. हा हिशोब आधी माहीत असता तर तो झोपला असता.

जर्मन लोक जात्याच शहाणे, असं माझं म्हणणं नाही. बव्हेरियातल्याच बाड राइखेनहाल गावात २ जानेवारी २००६ ला आइस रिंकचं छत कोसळलं. वर बर्फ, खाली वर्षानुवर्षं ओलाव्याने निकामी झालेल्या गोंदाने जोडलेले लाकडी बीम. १५ जण गेले, त्यात १२ मुलं. संध्याकाळचं हॉकीचं ट्रेनिंग रद्द केल्याचं आधीच कळवलं गेलं होतं, चालू असलेलं स्केटिंग मात्र थांबवलं नव्हतं. सिव्हिलच्या मुलांनी हे प्रकरण जरूर वाचावं. बंद करायचा निर्णय झाला होता, तो अर्धाच झाला.

म्हणून माझं म्हणणं दोन ठिकाणी पोचावं असं वाटतं. पहिलं एक्सचेंजला पाठवणाऱ्या आपल्या विभागाकडे. जाणाऱ्यांसाठी जे ओरिएंटेशन होतं त्यात व्हिसा आणि क्रेडिट ट्रान्सफरवर दीड तास जातो, हवामानावर दोन मिनिटं. त्यात इशाऱ्यांचे रंग, इमर्जन्सीचे नंबर, घराचा करार, खिडकी आणि मुख्य म्हणजे 'अशा दिवशी बाहेर पडला नाहीत तर तुमचं काही बिघडत नाही' हे स्पष्ट शब्दांत सांगावं. परदेशात गेलेला मुलगा एक लेक्चर चुकलं तर स्कॉलरशिप जाईल अशा धास्तीत असतो. त्याला हे कोणीतरी अधिकाराने सांगायला लागतं.

दुसरं प्राचार्य आणि सर्व एचओडी सरांकडे, नम्रपणे. बर्फ आपल्याकडे पडणार नाही, पण रेड अलर्ट दर पावसाळ्यात येतो. बव्हेरियात बर्फामुळे शाळा बंद ठेवायची का हे त्या त्या भागातला एक ठरलेला गट ठरवतो, आणि ते रेडिओवर सांगतात. आपल्याकडे जिल्हाधिकारी सुट्टी जाहीर करतात, पण तो मेसेज बरेचदा लोकल पकडून झाल्यावर फोनवर येतो. तोपर्यंत कर्जत-कसाऱ्याकडची मुलं ठाण्याच्या पुढे आलेली असतात. आपल्या कॉलेजने आपल्यापुरता नियम करायला काय हरकत आहे? आदल्या रात्री हवामान खात्याचा रेड अलर्ट असला तर दुसऱ्या दिवशीची अटेंडन्स धरायची नाही, प्रॅक्टिकल पुढे ढकलायचं, आणि ते रात्री नऊच्या आत कळवायचं. यावर 'मग पोरं फायदा घेतील' असं स्टाफरूममध्ये कोणीतरी म्हणणार. घेतील ना, सर! दोन-चार दिवस झोपतील. म्युनिकमध्येही त्या शनिवारी पोरं झोपलीच होती, आणि सोमवारी त्यांनी माझ्याआधी असाइनमेंट सबमिट केली.

बाकी, माझे बर्फातले बूट रूमवर आहेत. साइज ९, सोल चांगला, एकच हिवाळा वापरलेले. ऑक्टोबरमध्ये जो कोणी जाणार असेल त्याने येऊन घेऊन जावे. आधी दार वाजवा.